बुसैतीनचं आलेलुया

ओदिलाँ मार्शांनी उभ्या आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. पसरला तो म्हातारपणी, बहरीनमध्ये, आणि तोही ह्युबर्टपुढे. ह्याला नशीब म्हणायचं की नशिबानं केलेली थट्टा, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

मागणं तसं एवढंसं होतं. मार्शां फ्रान्सचे संगीतकार. ऑपेरा लिहायचे, आणि दुसऱ्यांनी लिहिलेले ऑपेरा कंडक्टर म्हणून चालवायचे. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाची श्रीमंत बहीण. तिथे माणसं भांडतात, रडतात, मरतात, ते सगळं गाऊन; समोर खड्ड्यात पन्नास-साठ वादक बसलेले असतात आणि कंडक्टर हातातल्या काडीनं त्या साऱ्या पसाऱ्याला वळण लावतो. मार्शांचा चौथा ऑपेरा कुणीच रंगमंचावर आणला नव्हता. त्यातलं शेवटचं समूहगान त्यांना एकदा माणसांच्या गळ्यातून ऐकायचं होतं. कान आहेत तोवर.

उजवा कान केव्हाच गेला होता. डाव्यात मशीन घालून काम भागत होतं, पण तोही जाणार, आणि एखाद्या सकाळी न सांगता जाणार, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं. उन्हाळ्यापर्यंत टिकला तर देवाची कृपा, असंही तो म्हणाला. मार्शांचा देवावर विश्वास नव्हता. त्यामुळे त्यांना त्या कृपेचा फारसा आधार वाटला नाही.

ह्युबर्ट वसईच्या पाचूबंदरचा, कोळ्याचा मुलगा. होडी सोडून आधी मुंबईच्या आणि मग मनामाच्या एका हॉटेलात लागलेला. हॉटेलात तो लग्नाच्या नि कंपन्यांच्या पार्ट्यांचं बुकिंग बघायचा, आणि महिन्यातून एका शुक्रवारी चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे उपासना, व्हायची तिचा कॉयर, म्हणजे गाणाऱ्यांचा ताफा, चालवायचा. कॉयरमध्ये सगळी वसई-मुंबईची मंडळी: कुणी नर्स, कुणी हॉटेलात, कुणी ऑफिसात. आवाज देवानं दिलेला आणि वेळ ड्युटीवरून उरेल तेवढा. त्याची बायको पर्ल आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजात गायची, आणि घरी मात्र वरच्या.

मार्शांची नि त्यांची गाठ पडली ती एका नाताळात. देव नाही असं चर्चच्या दारात उभं राहून सांगणारा हा माणूस शेवटच्या बाकावर येऊन बसला होता. मिस्सा संपल्यावर तो सरळ ह्युबर्टकडे आला आणि इंग्रजीत म्हणाला, "तुमचे पुरुष गातात की जेवणाची वाट बघतात?"

ह्युबर्टला ते असं झोंबलं की दोन दिवस तो पर्लशीही धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच शोध काढून म्हाताऱ्याचा फोन नंबर मिळवला. "तुम्ही शिकवाल का?" असं विचारलं. मार्शां आले ते येतच राहिले. उम्म अल हस्समच्या ह्युबर्टच्या फ्लॅटमध्ये, सोफा भिंतीला लावून, चहाचा कप आणि चमचा घेऊन बसायचे. डोळे मिटून ऐकायचे. सूर चुकला की चमचा कपावर टण्‌कन वाजायचा. एकदा कॉयरमधल्या हॅझेलनं नुसता श्वास लवकर घेतला तर चमचा वाजला. त्यांच्या तोंडून 'ठीक' एवढा शब्द आला की कॉयरला सण वाटायचा. 'छान' हा शब्द चार वर्षांत कुणी ऐकला नव्हता. सगळे त्यांना मायस्त्रो, म्हणजे उस्ताद, म्हणत, पाठीमागे जरा वेगळंही म्हणत, पण शिकवणी कुणी चुकवत नसे.

त्यांचं आयुष्य ह्युबर्टला तुकड्यातुकड्यानं कळलं. मार्शां पुलापलीकडे बुसैतीनला तिसऱ्या मजल्यावर राहायचे. तिथं ह्युबर्ट त्यांना सोडायला जायचा, आणि शरीफाआपा दोघांपुढे करक, म्हणजे तिकडचा कडक दुधाचा चहा, ठेवायची. आपा मूळची रत्नागिरीकडची, नवरा गेल्यावर मुलाकडे बहरीनला आलेली. मार्शांचा स्वयंपाक, औषधं नि रागलोभ तिच्या अंगावर होते. ती कोकणी मराठीत बोलायची, ते फ्रेंच मिसळलेल्या इंग्रजीत, आणि त्यांचं छान जमायचं.

मार्शांचा जन्म फ्रान्सच्या उत्तरेकडच्या एका कोळशाच्या गावातला. बाप खाणीत उतरायचा आणि रविवारी खाणीच्या बँडमध्ये पितळी वाद्य फुंकायचा. पोराचा गळा ऐकून पाद्र्यानं त्याला शहरातल्या कॅथेड्रलच्या कॉयरमध्ये घातलं, तिथून तो पॅरिसला गेला. तिशीच्या आत पहिला ऑपेरा झाला. पडदा पडल्यावर लोक उभे राहिले ते खाली बसेचनात. पेपरांनी डोक्यावर घेतलं. पण डोक्यावर घेतलेला माणूस पडतो तेव्हा उंचावरून पडतो. दुसऱ्या ऑपेराच्या तिसऱ्या अंकात शिट्ट्या झाल्या. तिसऱ्याचे दोनच प्रयोग झाले आणि दुसऱ्या प्रयोगाला प्रेक्षकांपेक्षा वादक जास्त होते. मग तीस वर्षं मार्शां लहानलहान शहरांतल्या नाट्यगृहांत दुसऱ्यांचं संगीत चालवत राहिले.

"मेलेल्या संगीतकारांना रोज संध्याकाळी उठवून उभं करायचं, हे माझं काम," ते ह्युबर्टला म्हणाले होते. "मी जिवंत होतो ना, म्हणून मला कुणी उठवलं नाही."

बायको सिल्वी त्यांच्या पहिल्या ऑपेरात गायली होती. ती गेली त्याच वर्षी बहरीनमधल्या एका खासगी संगीत अकादमीनं त्यांना बोलावलं. इथे त्यांनी चाळीस वादकांचा वाद्यवृंद उभा केला. कोविडच्या साली अकादमीच्या मालकाला संगीतापेक्षा बरं काहीतरी सुचलं आणि सगळं खलास झालं. रशियन वादक घरी गेले, फिलिपिनो दुबईला गेले. मार्शांना जायला घर नव्हतं. ते खिडकीपाशी बसून चौथा ऑपेरा लिहीत राहिले. फ्लॅट घेतला तेव्हा खिडकीतून समुद्र दिसायचा. नंतर भराव पडत गेला आणि समुद्र मागं मागं सरकत क्रेनच्या पलीकडे गेला.

ऑपेरा मोती काढणाऱ्यांच्या होड्यांचा होता. त्यातली एक होडी परत येत नाही. शेवटी किनाऱ्यावर बायका उभ्या आहेत, लांबून पुरुषांचं गुणगुणणं येतं, ते थांबतं. मग शांतता. ती शांतता मार्शांनी बरीच लांब लिहिली होती. तेवढा वेळ बायका नुसत्या समुद्राकडे बघतात. आणि मग त्या देवाच्या जयजयकाराचा एकच शब्द गातात. आलेलुया.

"कुणी परत आलंच नाही, तर आलेलुया कशाला?" ह्युबर्टनं विचारलं होतं.

"मग आणखी काय गाणार?" मार्शां म्हणाले. "दुसरं काही उरलंच नाही त्यांच्याकडे."

चहाचा कप ह्युबर्टच्या हातात तसाच निवला.

त्यांनी तो ऑपेरा कुठेकुठे पाठवला होता. काही ठिकाणांहून नम्र नकार आले, बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही. कॉयरमधला वॉरन कॉम्प्युटरवाला, तो म्हणाला, "मायस्त्रो, मी लॅपटॉपवर वाजवून दाखवतो, एकदम इझी." वाजवून दाखवलं. मार्शांनी अर्ध्या मिनिटात लॅपटॉप मिटला आणि हा फोन कुणाचा वाजतोय असं विचारलं. संगीतकाराला डोक्यात सगळं ऐकू येतं म्हणतात, असं पर्लनं सुचवलं, तर ते म्हणाले, "येतं ना. भुकेल्या माणसाला मेनूकार्ड वाचता येतं तसं." आणि मग त्यांनी मान खाली घालून, कुणाकडेही न बघता, ते मागणं मागितलं.

नाताळ झाल्याबरोबर सराव सुरू झाला. वरचा एकटीचा आवाज हॅझेलचा. पुरुषांचं गुणगुणणं लवकर बसलं. अडचण यायची ती शांततेपाशी. आल्टो दर वेळी लवकर सुरू करायच्या. पर्ल, बाकीच्या दोघी, कुणालाच ती शांतता सोसवत नसे. आता गप्प राहिलो तर कुणीतरी रागवेल अशी घाई त्यांच्या तोंडावर दिसायची. चमचा वाजायचा.

"बघू द्या त्यांना समुद्राकडे," मार्शां ओरडायचे. "एवढी कसली घाई आहे? होडी कुठे आली आहे?"

पुढे महिन्याभरात आल्टोही थांबायला शिकल्या. पण नेमकं तेव्हा हॅझेल बहिणीच्या लग्नाला वसईला गेली. तिथे आईचं बीपी वाढलं, लीव्ह वाढवून घ्यावी लागली, आणि ती परत आली तेव्हा राखेचा बुधवार होऊन गेला होता. उपवासकाळ लागला होता.

आता, ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. राखेच्या बुधवारापासून ईस्टरपर्यंतचे सहा-सात आठवडे ख्रिस्ती माणसाचा उपवासकाळ. त्या दिवसांत मिस्सेत आलेलुया म्हणत नाहीत. तो आनंदाचा शब्द, तो ईस्टरला मोकळा व्हायचा. वसईच्या जुन्या घरांत हा नियम चर्चच्या भिंतीत राहत नसे. तो घरात, वाडीत, होडीवर सगळीकडे पाळत. आणि पाचूबंदरच्या त्या एका घरात तो जास्तच पाळत.

ह्युबर्ट दहा वर्षांचा असताना असाच उपवासकाळ चालू होता. थोरला भाऊ आग्नेल होडीवर निघाला होता. ह्युबर्ट बंदरावर उभा राहून आपला गळा दाखवायला ईस्टरचं आलेलुया मोठ्यानं गायला. आई "गप, गप" करत धावली, आग्नेल होडीतून हसून म्हणाला, "गाव दे गो त्याला." ती होडी परत आली नाही. रात्री एखाद्या मोठ्या जहाजानं धडक दिली असेल असं लोक म्हणाले. आईनं ह्युबर्टला त्याचा कधीच दोष दिला नाही. फक्त ती मरेपर्यंत दर वर्षी राखेच्या बुधवारी, कपाळावर राख लावून घरी आली की, ह्युबर्टकडे बघून ओठांवर बोट ठेवायची. तिच्या मनात काय असायचं ते तिलाच ठाऊक. ह्युबर्टच्या मनात काय रुजायचं ते मात्र चाळीस वर्षांत उपटून निघालं नाही.

ही गोष्ट त्यानं पर्ललाही अर्धीच सांगितली होती. मार्शांना तर काहीच नाही. त्यामुळे हॅझेल आल्यानंतरच्या शुक्रवारी तो बुसैतीनला गेला आणि "ईस्टरनंतर गाऊ, मायस्त्रो," एवढंच म्हणाला, तेव्हा म्हाताऱ्याला वाटलं की आणखी सराव हवा असेल. मग कारण कळलं.

मार्शां हसले. "तुमच्या देवाला माझ्या फ्लॅटचा पत्ता माहीत आहे?"

"तसं नाही. रीत आहे आमची."

"शेवटचं ते शब्दाशिवाय, नुसतं 'आ' करून गाऊ का?" असंही ह्युबर्टनं विचारलं. ही पळवाट त्यानं पुलावरून येताना शोधून काढली होती आणि तिच्यावर तो खूश होता.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम कडक झाला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. "तिसऱ्या ऑपेराच्या वेळी मला एक पान गाळायला सांगितलं. मी गाळलं. लोक तरी आले नाहीत. आता गाळणार नाही. शब्दासकट, नाहीतर नको." आणि थोड्या वेळानं, मवाळ होऊन, "कॉयर तुमचा. शेवटचा शब्द तुमचा. मी थांबतो. थांबायची मला सवय आहे."

शरीफाआपा दारात उभी राहून ऐकत होती. रमझान चालू होता, तिचा रोजा होता, ओठ सुकलेले होते. जिन्यापर्यंत ती ह्युबर्टच्या मागं आली.

"भाऊ, एक बोलू? आजाऱ्याला आमच्यात रोजा माफ असतो. मुसाफिराला बी माफ. हे साब दोन्ही हायेत. तुमच्यात नाय का तसं काय?"

"आमचं वेगळं असतं, आपा," ह्युबर्ट म्हणाला आणि जिना उतरला. हे बोलताना त्याला स्वतःचाच राग आला होता, पण राग आला म्हणून काही तो जिना परत चढला नाही.

घरी पर्लनं जेवताना विषय काढला. ती हॉस्पिटलात नर्स. कान कसे जातात ते तिनं पाहिलं होतं. "ह्युबर्ट, तो कान ईस्टर बघेल असं मला नाय वाटत. चार दिवसांपूर्वी मी त्याच्या डाव्या बाजूनं बोलले, तरी तो माझ्या ओठांकडे बघत होता."

"मग मी काय करू? उपासात आलेलुया म्हणू?"

"फादरला विचार."

"फादर काय सांगणार? मला माहीत नाय का?"

पर्लनं ताटं उचलली. तिला त्या होडीची अर्धी गोष्ट ठाऊक होती आणि उरलेली तिनं संसारात ताडली होती. नवऱ्याच्या त्या एका जखमेवर ती कधी हात ठेवत नसे. आता ठेवायला हवा होता, असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

ह्युबर्टही काही दगड नव्हता. ते आठवडे त्याला खायला उठले. हॉटेलात इफ्तारच्या पार्ट्यांची गर्दी. टेबलं मोजताना मध्येच त्याच्या मनात ती शांतता सुरू व्हायची आणि समुद्राकडे बघत उभी असलेली त्याची आई दिसायची. मार्शांनी तिला पाहिलं नव्हतं, पाचूबंदर नकाशावर दाखवता आलं नसतं, आणि तरी ती बाई त्यांनी जशीच्या तशी लिहिली होती. दोनदा त्यानं फोन हातात घेतला: उद्याच येतो, सगळ्यांना घेऊन येतो. दोन्ही वेळा आईचं बोट ओठांवर दिसलं. त्याला खरंच भीती वाटायची. आपण गायलो तर ह्या म्हाताऱ्याचंच काही वाईट होईल, अशी. न गाण्यानं काय होईल हे डॉक्टरनं मार्शांना सांगितलेलं त्याला ठाऊक होतं, पण डॉक्टरपेक्षा जुना डॉक्टर त्याच्या आत बसला होता.

ईद झाली. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार झाला. ईस्टर आला. मिस्सेत आलेलुया दणाणलं आणि ह्युबर्टच्या अंगावरून मोठं ओझं उतरलं. बाहेर चहा घेताना त्यानं फादरना मोठ्या आनंदानं सांगितलं की उद्या संध्याकाळी कॉयर बुसैतीनला जाणार, असं असं एक म्हातारं माणूस आहे, उपवासकाळ होता म्हणून त्याला थांबवून ठेवलं होतं.

फादर वसईचेच, तरुण. त्यांनी कप खाली धरला. "थांबवलं? का?"

"आलेलुया आहे ना त्यात, फादर."

"अरे, तो नियम मिस्सेचा. उपासनेचा. कुणाच्या घरी, आजारी माणसासाठी एखादं गाणं म्हणायला कुणी मनाई केली होती? मला विचारायचं नाही का, ह्युबर्ट?" ते रागानं नाही, नवल वाटून बोलले. त्यानंच ते जास्त लागलं.

ह्युबर्ट हसल्यासारखं करून म्हणाला, "असो, फादर. उद्याच आहे आता." घरी जाताना गाडीत उद्याच आहे, उद्याच आहे, असं तो मनाशी घोकत होता. माणूस जिवंत आहे, गळे तयार आहेत, काय बिघडलंय.

सोमवारी संध्याकाळी ड्युटी संपवून सगळे बुसैतीनला जमले. हॅझेल नर्सच्या कपड्यांवरच आली होती. मार्शांनी पांढरा शर्ट नि काळा कोट घातला होता. कोट आता दोन मापं मोठा होत होता. ते खिडकीपाशी खुर्चीत बसलेले होते, मांडीवर स्वरलिपीची वही. कानात मशीन होतं. सगळ्यांशी त्यांनी हात मिळवले, एकेकाच्या तोंडाकडे निरखून बघत. ह्युबर्टनं "उशीर झाला, मायस्त्रो," म्हटलं तेव्हा त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "होय, चहा नंतर घेऊ." ह्युबर्टला ते जरा विचित्र वाटलं, पण घाई होती, सगळे ओळीत उभे राहत होते.

आज चमचा नव्हता. मार्शांनी डोळे मिटले आणि खुर्चीच्या हातावर एक बोट उभं केलं, ठेका धरायला. ह्युबर्टनं हात उचलला.

पुरुष गुणगुणायला लागले. असं ते आजवर गायलेच नव्हते. लांबून होडी यावी तसा तो आवाज आला, जवळ आला, मग दूर गेला आणि विरला. शांतता सुरू झाली. ह्युबर्टचा हात हवेत थांबला. खाली रस्त्यावरून एक गाडी गेली. आणि आल्टो लवकर सुरू झाल्या. जवळजवळ अर्धी शांतता त्यांनी खाऊन टाकली. पर्लचा चेहरा तिथल्या तिथे पडला. पण आता मागं फिरता येत नव्हतं, हॅझेलनं वरचा सूर उचलला, सगळे तिच्यामागे गेले. आलेलुया, आलेलुया. चूक पोटात घेऊनही ते इतकं उंच गेलं की स्वयंपाकघराच्या दारात शरीफाआपानं तोंडाला पदर लावला. मग ते उतरलं आणि संपलं.

गाणं संपलं होतं. सगळे तोंडं मिटून उभे होते. मार्शांचं बोट मात्र हलत होतं.

सावकाश, अगदी ठेक्यात, ते खुर्चीच्या हातावर पडत होतं. मिटलेल्या डोळ्यांमागे बायका अजून गात होत्या. हॅझेलला वाटलं की म्हातारा भारावला आहे, तिचे डोळे भरून आले. ह्युबर्ट एकटाच त्या बोटाकडे बघत होता, आणि आल्टोंनी जेवढी शांतता खाल्ली होती बरोबर तेवढ्याच उशिरानं ते बोट थांबलं.

मार्शांनी डोळे उघडले. सगळ्यांची मिटलेली तोंडं पाहिली. क्षणभर ते गोंधळले, मग उठून उभे राहिले आणि वाकून नमस्कार केल्यासारखं केलं.

"छान," ते म्हणाले. "फार छान. एकही चूक नाही."

चार वर्षांत न मिळालेला शब्द मिळाला म्हणून कॉयर हरखून गेला. वॉरननं टाळ्या वाजवल्या. आल्टोंनी एकमेकींकडे चोरून पाहिलं. म्हाताऱ्यानं आज माफ केलं म्हणायचं. चहा झाला, केक कापला, फोटो झाले. मग "यल्ला, चला, उद्या ड्युटी आहे," करत मंडळी जिना उतरू लागली. पर्ल मागं वळून नवऱ्याकडे बघत होती. त्यानं तिला हातानं पुढे जायला सांगितलं.

शरीफाआपा कप विसळत होती. ह्युबर्ट तिच्यामागे जाऊन उभा राहिला. तिनं वळून न बघताच सांगितलं.

"गुड फ्रायडेच्या सकाळपास्नं. उठले नि मशीन काढून आपटलं टेबलावर. मी बोलले, साब काय झालं? तर माझ्याकडे नुसतं बघत राहिले. आता समोरच्या मशिदीतली अजान बी ऐकू येत नाय त्यांना."

"आपा, मला फोन का नाही केलास?"

"नको बोलले. लिहून दिलं मला, माझ्या पोरानं वाचून दाखवलं, की येऊ दे त्यांना, खूप मेहनत केलीये त्यांनी." तिनं कप पालथा घातला. "मी त्या दिवशी जिन्यात तुमाला विचारलं होतं, भाऊ." आणि लगेच, आपण फार बोललो असं वाटून, "जाव दे. अल्लाची मर्जी."

अल्लाची मर्जी नव्हती, येशूचीही नव्हती. गुड फ्रायडेच्या आधीच्या कुठल्याही शुक्रवारी हे झालं असतं. कुणी अडवलं नव्हतं. वरातीमागून घोडं नाचवत आणायला एक माणूस पुरला होता, आणि तो आता स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभा होता. आग्नेलची होडी आपण बुडवली नव्हती हे त्याला त्या क्षणी कळलं. चाळीस वर्षांनी कळलं, आणि ते कळायची किंमत दुसऱ्यानंच चुकवली होती.

तो बाहेर आला. मार्शां पुन्हा खुर्चीत बसले होते. एकटा ह्युबर्टच उरलेला पाहून त्यांनी चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू काढून ठेवलं. कानातलं मशीनही काढलं आणि खिडकीच्या फळीवर ठेवलं. बाहेर क्रेनवरचे दिवे लागत होते.

"तुला कळलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज जरुरीपेक्षा मोठा येत होता, कारण तो त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हता.

ह्युबर्टनं मान हलवली. मग गुडघ्यावर बसून त्यानं त्यांचे हात धरले. माफी मागायची होती, आणि ती कशी मागायची हे कळेना. ऐकू न येणाऱ्या माणसाची माफी मागायला शब्द कुठून आणणार?

मार्शांनी हात सोडवून घेतले. वही उघडली, शेवटचं पान काढलं आणि शांततेच्या जागेवर बोट ठेवलं.

"मी मोजत होतो," ते म्हणाले. "सुरुवात तुझ्या हाताच्या वाऱ्यावरून पकडली. नंतर डोक्यात चालवलं. माझं कधी मोजायला चुकत नाही. पण डोळे उघडले तेव्हा तुम्ही सगळे आधीच थांबला होता." त्यांनी मान वर केली. "आल्टो लवकर आल्या. होय ना?"

ह्युबर्टनं त्या तोंडाकडे पाहिलं. ह्या माणसाला चौथा ऑपेरा कधीच ऐकू येणार नव्हता. जे एकदा झालं ते तरी नीट झालं, एवढं त्याच्या पदरात टाकावं असं ह्युबर्टला वाटलं, आणि दुसरं द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. त्यानं ठाम मान हलवली. नाही. बरोबर वेळेला आल्या.

मार्शांचे खांदे हळूहळू खाली आले.

"असं का," ते म्हणाले. "म्हणजे आता माझं मोजणंही चुकायला लागलं." त्यांनी वही मिटली, खुर्चीत मान मागं टाकली आणि डोळे मिटून घेतले.

"नाही, मायस्त्रो," ह्युबर्ट म्हणाला. "आल्या होत्या लवकर. तुमचं बरोबर होतं. मायस्त्रो, तुमचंच बरोबर होतं." तो मोठ्यानं म्हणाला, आणखी मोठ्यानं म्हणाला, शेवटी ओरडून म्हणाला, तेव्हा शरीफाआपा हात पुसत दारात आली. म्हाताऱ्यानं डोळे उघडले नाहीत. त्याचे हात धरून त्याला हलवायचं धाडस ह्युबर्टला पुन्हा झालं नाही.

खालून कॉयरचा आवाज येत होता. कुणीतरी गाडीत बसताना तेच आलेलुया धरलं होतं, इतरांनी उचललं होतं. ईस्टरचा आठवडा होता. आता ते म्हणायला कुणाचीच ना नव्हती.